इम्रिखचा लाल दोरा

ब्रॅडन्स फेरी, पेनसिल्व्हेनिया
१९ जुलै १८९३

प्रिय मार्गिता,

येशूचं नाव घेऊन लिहायला बसले आहे. आम्ही इथे सगळे धडधाकट आहोत. तू, छोटी युल्का आणि आई तशाच असाल अशी आशा करते. तुझं पत्र पोचलं. युल्काला दात आले हे वाक्य इम्रिखने मला पुन्हा पुन्हा वाचायला लावलं आणि नंतर आमच्या खाणावळीतल्या बार्तोशकाकांना जाऊन सांगितलं की माझ्या मुलीला दात आलेत. काकांच्या स्वतःच्या तोंडात चारच उरलेत. ते म्हणाले, चांगलंय, माझे तिच्याकडे गेले म्हणायचे.

गेल्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. दुसऱ्या कुणाकडून कळून तू घाबरू नयेस म्हणून मीच लिहिते. कारखाना बंद आहे. संप म्हण नाहीतर टाळेबंदी म्हण. आमची माणसं म्हणतात मालकाने बाहेर काढलं, मालक म्हणतो यांनीच काम सोडलं. मालकाला अर्थात इथे कुणी पाहिलेलं नाही. तो न्यूयॉर्कात असतो. त्याने नदीकाठचे तीन कारखाने विकत घेऊन एक केला आणि मग फाटकावर कागद चिकटवला की यापुढे युनियनशी बोलणी नाहीत. ज्याला काम हवं असेल त्याने एकट्याने यावं आणि एकट्याने सही करावी. आता सगळ्या कारखान्याभोवती माणसापेक्षा उंच लाकडी कुंपण घातलंय. भट्ट्यांचा धूर नाही, त्यामुळे धुतलेले कपडे प्रथमच पांढरे राहतात. बघ, यातही काहीतरी चांगलं आहेच.

आणखी एक गंमत सांगते. युनियन इथल्या आयरिश आणि इंग्रज कारागिरांची. आपल्या स्लोव्हाक माणसांना ते जवळही उभं करत नसत. आता त्यांचा तो पुढारी मॅकगार्व्ही आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसतो. माझे यजमान ओन्द्रेय म्हणाले, "दोन वर्षं मी याच्या शेजारी घाम गाळला, याला माझं नाव माहीत नव्हतं. आज माझ्या बायकोच्या हातचा कोबी खाऊन मला भाऊ म्हणतो. म्हणू दे." ओन्द्रेयना त्यांनी नदीकाठच्या पहाऱ्यावर घेतलंय. कंपनी बाहेरगावची माणसं होड्यांतून आत आणते, त्यांना अडवायचं. यजमान भलतेच ताठ चालतात हल्ली.

माझी खाणावळ चालूच आहे, पण पातेलं बदललं. तुला माहीत आहे, आठ भिडू, माझ्याच घरात राहून जेवणारे, आणि आठ दोरे. ज्याने त्याने आपलं मांस आणायचं, त्याला आपल्या रंगाचा दोरा बांधायचा, मी सगळं एकाच मोठ्या पातेल्यात शिजवायचं आणि संध्याकाळी दोरा ओढून ज्याचं त्याला द्यायचं. एकदा काकांचा निळा दोरा शिजताना सुटला, तर दोन दिवस घरात अबोला होता. आता मांस कुठलं? खाटीक हाडं देतो, तीही माझ्या तोंडाकडे बघून. पहिल्या आठवड्यात काका म्हणाले, "हाडांना कसले आलेत मालक? काप ते दोरे, वेरोना." सगळ्यांनी आपापले दोरे माझ्या हातात दिले. मी ते बटणांच्या डब्यात टाकले. आता जे मिळेल ते सगळ्यांचं, आणि वाढते मी. कुणी भांडत नाही. मला तर रडूच आलं त्या दिवशी, पण कांदा चिरत होते म्हणून निभावलं.

तुझ्या इम्रिखचं मात्र सांगायलाच हवं. तो आपल्या वाट्याचा तुकडा दुसऱ्याच्या थाळीत घालतो. परवा काकांना दिला, काल ओन्द्रेयना. सगळे त्याला साधू म्हणायला लागलेत. तू नशीबवान आहेस.

आता तो शेजारी बसून सांगतोय ते लिहिते: "मार्गिता, काळजी करू नकोस. नदीपलीकडे डोंगरावर एका शेतकऱ्याच्या सफरचंदांच्या बागेत मला काम मिळालंय. सकाळी जातो, संध्याकाळी येतो. पानगळीपर्यंत तुमचं बोटीचं तिकीट पाठवतो. युल्काला माझ्याकडून एक पापा."

खरंच काळजी करण्यासारखं काही नाही.

तुझी ताई,
वेरोना

•

ब्रॅडन्स फेरी
२३ ऑगस्ट १८९३

प्रिय मार्गिता,

तुझं पत्र आलं. तू विचारतेस तिकिटाचं काय झालं. होईल गं. आईच्या गुडघ्यांना कोबीची पानं बांध, वरून लोकर गुंडाळ. इथे उकाडा आहे आणि माशा आहेत, बाकी ठीक.

ठीक म्हणजे, कारखान्यातून धूर यायला लागलाय. थोडासाच, एका भट्टीचा. पण तो दिसला की सगळी वस्ती अंगणात येऊन वर बघत उभी राहते. आत कोणीतरी काम करतंय. होड्या येतात, आमची माणसं दगड मारतात, होडीवरचे बंदूकवाले शिव्या देतात. मी ओन्द्रेयना म्हणते की दगडाने बंदूक थांबत नाही. ते म्हणतात, "मग कशाने थांबते ते सांग, तेच घेऊन जातो." मग दिवसभर माझं हातातलं काम हातातच राहतं.

पाण्याच्या पंपावर बायका आता फार बोलत नाहीत. आमच्या मागच्या गल्लीत कोवाचिकबाईंच्या घरी एक भिडू फितूर निघाला. लपूनछपून आत कामाला जात होता. लोकांनी त्याला इतकं मारलं की त्याला हातगाडीवर घालून न्यावं लागलं. आणि त्याला घरात ठेवला म्हणून कोवाचिकबाईंच्या खिडक्या फोडल्या. बाई ओरडत होती की मला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक नव्हतं. पंपावरची एक म्हणाली, जी बाई त्याचे कपडे धुते आणि त्याला वाढते तिला ठाऊक नसेल तर कुणाला असेल? सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

मार्गिता, तुला एक विचारायचं आहे. असंच, उगाच. तू इम्रिखबरोबर तीन वर्षं संसार केलास. भूक लागलेली असताना तो आपल्या थाळीतलं दुसऱ्याला द्यायचा का? तुझ्या आठवणीत असं काही असेल तर लिही. तो अजून देतो. रोज नाही, पण देतो. माझ्या घरातले बाकीचे पुरुष वाटी पावाने अशी पुसतात की मला ती धुवायला नको. ओन्द्रेयच्या गळ्याची हाडं दिसायला लागली आहेत. इम्रिख मात्र बरा आहे. तब्येत छान आहे त्याची. तुला हे वाचून आनंदच होईल.

त्याचे दोन सदरे धुतले काल. एकाच्या बाहीला बारीक बारीक भोकं पडली होती, कडा जळलेल्या. मी ती रफू केली आणि सदरा अंगणातल्या दोरीवर न घालता आत, चुलीच्या मागे वाळत घातला. बाहेर आभाळ आलं होतं म्हणून.

आभाळ नव्हतं आलं. पण ते जाऊ दे.

बागेतलं काम कसं आहे म्हणून मी त्याला विचारलं. म्हणाला, चांगलं आहे, सफरचंदं लाल व्हायला लागलीत. मी म्हटलं, एखादं आण की खिशातून. म्हणाला, आणतो. अजून आणलं नाही. विसरत असेल, दमून येतो बिचारा.

तो सांगतोय ते लिहिते: "मार्गिता, तिकीट नक्की. सप्टेंबर संपायच्या आत. तू सामान बांधायला लाग."

तुझं उत्तर लवकर पाठव. माझ्या त्या प्रश्नाचंही. आणि हे पत्र पाद्रीबाबांकडून वाचून घेऊ नकोस, तूच वाच. आपण दोघी एकाच बाकावर अक्षरं शिकलो त्याचा काहीतरी उपयोग होऊ दे.

तुझी,
वेरोना

•

ब्रॅडन्स फेरी
८ ऑक्टोबर १८९३

मार्गिता,

या पत्रात इम्रिखचा निरोप नाही. त्याला लिहिता येत नाही, त्यामुळे आजवर तुला आलेला त्याचा प्रत्येक शब्द माझ्या हातचा होता. हे पत्र फक्त माझं आहे. बाळाला कुशीतून खाली ठेव आणि मग वाच.

तुझं उत्तर आलं तेव्हा मी कोबी चिरत होते. तू हसत हसत लिहिलं होतंस, "इम्रिख आणि थाळीतलं देणार? अगं, युल्काच्या बारशाला पाद्रीबाबांच्या वाटणीचं सॉसेजसुद्धा त्यानेच उचललं. भूक लागली की तो मला ओळखत नाही." मी ते वाचलं आणि चुलीजवळ खाली बसले. मला माहीत होतंच, मार्गिता. ज्या दिवशी भट्टीच्या ठिणग्यांनी जळलेला तो सदरा आत वाळत घातला त्या दिवसापासून माहीत होतं. मी इतकी वर्षं पुरुषांना जेवायला वाढते. उपाशी माणसाचा हात थाळीकडे कसा जातो ते मला डोळे मिटूनही कळतं. इम्रिखचा हात तसा जातच नव्हता. तो जेवून येत होता. कुंपणाच्या आत कंपनी आपल्या माणसांना मांस देते, पांढरा पाव देते, साखर घातलेली कॉफी देते. तो नदीपलीकडे जायचा खरा, पण बागेत नाही. तिकडून कंपनीची होडी सुटते. इकडच्या काठावर ओन्द्रेय उभे असत आणि होडीच्या तळाशी, ताडपत्रीखाली, त्यांचा साडू.

मी त्याला पंपावर पाणी भरायला बोलावलं आणि एकटा गाठला. म्हटलं, "बागेत जेवायला काय देतात रे?"

त्याने पंपाचा दांडा हातातून सोडला. मग म्हणाला, "ताई, युनियन माझ्या मुलीला इथे आणणार आहे का? मी आलो तेव्हा एकटाच आलो. सही केली तीही एकट्याने."

"आणि होडीवर दगड मारताना तुझ्या साडूला गोळी लागली तर?"

"त्याला सांग ना, होडीच्या वेळेला काठावर नको थांबूस म्हणून."

मला इतका राग आला की बादली त्याच्या पायावर सोडावीशी वाटली. पण लगेच भीती वाटली, कारण समोरून दोन बायका येत होत्या. मी हसले. मार्गिता, मी त्याच्याशी हसून बोलले, घरच्या माणसाशी बोलावं तसं. कोवाचिकबाईंच्या खिडक्या माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. आणि तू हलत नव्हतीस, सामान बांधून बसलेली.

त्याने मेरीमातेची शपथ घेतली की आता जाणार नाही. मी त्याला सांगितलं की मग मीही बोलणार नाही. पुढचे काही दिवस तो घरीच राहिला आणि रात्रीच्या जेवणाला वाटी पावाने पुसून घ्यायला लागला. तुला सांगू? तो उपाशी आहे हे बघून मला आनंद होत होता.

मग एका सकाळी तो पुन्हा बाहेर पडला. मी खिडकीतून पाहिलं आणि मागे वळून पीठ मळायला लागले. तेव्हाच ओरडायला हवं होतं. त्याच दिवशी दुपारी होडी आली. दगड गेले, होडीवरून बंदुका झाडल्या. कुणीतरी पळत आमच्या घरी सांगत आलं की काका पडले. मी पोचले तेव्हा बार्तोशकाका चिखलात बसून स्वतःच्या खांद्याकडे असं बघत होते जणू तो दुसऱ्याचा आहे. गोळी मांसातून आरपार गेली, हाड वाचलं. काका म्हणाले, "वेरोना, सदरा नवा होता गं." ओन्द्रेयनी त्यांना पाठीवर घेऊन घरी आणलं.

इम्रिख त्या होडीत होता. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

त्या रविवारी मॅकगार्व्हीने काकांसाठी म्हणून गोमांसाचा एक तुकडा आणून दिला. काका म्हणाले, एकट्याने खाणार नाही, सगळ्यांच्या पातेल्यात टाक. मी टाकला. प्रत्येकाला दोन घास येतील एवढे तुकडे केले. सगळे बसले, प्रार्थना झाली. आणि इम्रिखने आपला तुकडा उचलला आणि काकांच्या थाळीत ठेवला. काकांचा हात गळ्यात बांधलेला, म्हणून त्याने तो सुरीने लहान लहान कापूनही दिला. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी डाव्या हाताने त्याच्या डोक्यावर क्रूस काढला आणि म्हणाले, "तुझ्या युल्काला देव उदंड आयुष्य देवो." ओन्द्रेय म्हणाले, असा साडू नशिबाने मिळतो.

इम्रिखने मान खाली घातली. वर बघितलं असतं, माझ्याकडे एकदा तरी बघितलं असतं, तर कदाचित मी गप्प राहिले असते. मला खरंच माहीत नाही.

मी उठले. बटणांचा डबा काढला. त्यातून लाल दोरा शोधला, तोच, तू स्टेशनवर तुझ्या एप्रनच्या काठातून ओढून त्याला दिला होतास तो. पातेल्यात माझ्या वाट्याचा तुकडा राहिला होता. त्याला तो दोरा बांधला, नीट गाठ मारली, आणि एका वाटीत घालून इम्रिखपुढे ठेवला.

ओन्द्रेय म्हणाले, "हे काय? दोरे तर आपण कापले ना?"

मी म्हटलं, "ज्याचं त्याला. याचं पातेलं वेगळं आहे. याला भूक नसते, कारण हा कुंपणाच्या आत जेवून येतो."

मी मोठ्याने बोलले नाही. पण चमचे थांबले. काकांनी तोंडातला घास गिळला नाही, बाहेर काढून थाळीच्या कडेला ठेवला. त्याचा काही आवाज झालाच नाही, तरी तो मला अजून ऐकू येतो.

बाकीचे सगळे एकदम उठले. ओन्द्रेय त्यांच्याआधी दाराशी पोचले. मला वाटलं हेच पहिला हात टाकणार. त्यांनी दार उघडलं, इम्रिखला बाहेर ढकललं आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. म्हणाले, "कुणी बाहेर पडायचं नाही. तो माझ्या मेहुणीचा नवरा आहे. त्याला पुलापर्यंत पोचू द्या." कोणीतरी त्यांना शिवी दिली. ते हलले नाहीत. तुझा नवरा जिवंत आहे, मार्गिता, तो ओन्द्रेयमुळे. हे मी दहा वेळा लिहिलं तरी कमीच.

नंतर, सगळे पांगल्यावर, त्यांनी मला विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

मी थाळ्या एकात एक रचत राहिले.

"काकांच्या खांद्याआधी की नंतर?"

"आधी," मी म्हटलं.

ते तेव्हापासून माझ्याशी बोलतात, पण कामापुरतं. मीठ दे. दार लाव. काकांची पट्टी मी रोज बदलते. ते खिडकीबाहेर धूर किती भट्ट्यांचा आहे ते बघत असतात. आता तीन भट्ट्या पेटल्यात. लोक कुजबुजायला लागलेत की थंडी पडली की संप मोडणार. मोडला तर ओन्द्रेयचं नाव काळ्या यादीत आहे, या नदीकाठी त्यांना कुणी उभं करणार नाही. मग आम्ही कुठे जाऊ मला ठाऊक नाही. पण आमचं पातेलं अजून एकच आहे.

इम्रिख कुंपणाच्या आत राहतो. गेल्या रविवारी चर्चमध्ये इथल्या पाद्रीबाबांनी मला थांबवलं आणि एक पाकीट हातात दिलं. इम्रिखने पाठवलेलं. तुझं आणि युल्काचं बोटीचं तिकीट. पत्ता घालायला त्याला मीच लागते, अजूनही.

मी ते तिकीट घरी आणून चुलीसमोर उभी राहिले, बराच वेळ. ते कशाचं आहे हे मला माहीत आहे. त्यात काकांच्या खांद्याचं रक्त आहे. पण त्यात तूही आहेस, आणि चार दात आलेली एक मुलगी आहे जी मी पाहिलेली नाही. मी ते जाळू शकले नाही. या पत्रात घालते आहे. हे ओन्द्रेयना ठाऊक नाही, काकांना नाही, पंपावर कुणाला नाही. माझी ही दुसरी लपवाछपवी. एवढं एक कुणाला कळू देऊ नकोस.

तू ये किंवा येऊ नकोस, मी सांगणार नाही. आलीस तर तो तुला घ्यायला येईल आणि कुंपणाच्या आत घेऊन जाईल. तिथे चूल असेल, पांढरा पाव असेल. माझ्या दारात तुला येता येणार नाही, आणि मला तुझ्या. पंपावर दिसलीस तर मला बादली उचलून चालू लागावं लागेल. मी तशी चालू लागले तर तू हाक मारू नकोस गं. मी थांबेन, आणि मग मला या गल्लीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

त्या दिवशी इम्रिखच्या वाटीतला तुकडा कुणी खाल्ला नाही, एवढ्या उपासमारीत सुद्धा नाही. शेवटी मीच तो कुत्र्याला टाकला आणि दोरा सोडवून, धुवून, वाळवून घेतला. तुझं तिकीट त्याच लाल दोऱ्याने बांधलं आहे.

ज्याचं त्याला.

तुझी ताई, म्हणवून घेशील तोवर,
वेरोना